सारा, मेबेल, जॅनेट : हिल्टन्सच्या कार्टर फॅमिली फोल्डमधली शनिवारची रात्र

"अगं, हिचा अंगठाच गातोय की!"

सासूबाई माझ्या कानाशी वाकून हे बोलल्या, तेव्हा स्टेजवरच्या गिटारवालीचं पहिलं गाणं संपलंही नव्हतं. आई ७६ वर्षांच्या, फलटणच्या. गाण्यातला एक शब्द त्यांना कळत नव्हता आणि गिटार घेऊन बसलेली बाई इतक्या जवळून त्या पहिल्यांदाच बघत होत्या. पण जे बघायचं असतं ते त्यांनी बरोबर बघितलं. ती बाई वरच्या जाड तारांवर अंगठ्याने चाल वाजवत होती आणि पहिल्या बोटाने खालच्या बारीक तारा झाडून ठेका धरत होती. एकाच वाद्यातून गाणंही आणि तालही. या वाजवण्याला इकडे 'कार्टर स्क्रॅच' म्हणतात. मेबेल कार्टर या बाईच्या हातामुळे ते नाव पडलं, आणि आम्ही बसलो होतो ते तिच्याच सासरच्या गावात.

त्या जागेबद्दल, म्हणजे व्हर्जिनियातल्या हिल्टन्सच्या कार्टर फॅमिली फोल्डबद्दल, लिहायचं बरेच दिवस मनात होतं. ए. पी., सारा आणि मेबेल या कार्टर कुटुंबातल्या तिघांनी या डोंगरातली जुनी गाणी तबकड्यांवर नेली, त्यांच्या गावातली ही शनिवारच्या गाण्यांची जागा. अमेरिकेच्या या भागात राहणारी मराठी माणसं डॉलीवूडला जातात, स्मोकी माउंटन्सला जातात, पाहुणे आले की तेच दोन-तीन फोटो काढून परत येतात. कार्टर फॅमिली फोल्डचं नाव मी आमच्या मंडळाच्या कुणाच्याच तोंडून ऐकलं नाही. मला ते कळलं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या बाईकडून. ती मूळची याच डोंगरातली. तिची मॅमॉ, म्हणजे आजी (इकडे आजीला मॅमॉच म्हणतात), शेंगा सोलताना लांबलचक गोष्टींची गाणी म्हणायची. मी तिला सांगितलं की माझी आजी जात्यावर म्हणायची. तेव्हापासून आमचं या विषयावर बोलणं सुरू झालं ते थांबलेलं नाही.

आम्ही जॉन्सन सिटीत राहतो, टेनेसीच्या पूर्व टोकाला. तिथून किंग्सपोर्ट, मग वेबर सिटी, मग ५८ नंबरच्या रस्त्याने हिल्टन्स. तासाभराची गाडी. हिल्टन्सहून पुढचा रस्ता ए. पी. कार्टर हायवे. नाव हायवे असलं तरी रस्ता गावातलाच आहे, वळणावळणाचा. एका अंगाला क्लिंच डोंगराची लांब भिंत, दुसऱ्या अंगाला कुरणं आणि मधूनच एखादं घर. या खोऱ्याचं नाव पुअर व्हॅली. जमीन हलकी, म्हणून पुअर. माण-फलटणकडच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आई खिडकीतून बघत म्हणाल्या, "हिरवं आहे, पण पिकत नसणार."

फोल्ड म्हणजे मेंढ्यांचा वाडा. लाकडी, मोठ्या गोठ्यासारखी इमारत आहे, उतारावर बसण्याच्या ओळी, खाली स्टेज आणि स्टेजच्या पुढ्यात नाचायला मोकळी फरशी. कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी साडेसातला. निघण्याआधी त्या शनिवारी कोण गाणार आहे आणि तिकीट किती ते बघून घ्या, दर कार्यक्रमानुसार बदलतो. मोठ्या शहरातल्या कुठल्याही मैफलीच्या मानाने तो फारच कमी आहे. नियम दोनच, पण पक्के: दारू नाही आणि विजेवर चालणारी वाद्यं नाहीत. फिडल, बँजो, गिटार, ऑटोहार्प, मँडोलिन, उभा बास. ज्यांना बिअरचा ग्लास घेऊन धडधडणारं कंट्री ऐकायचं आहे त्यांनी नॅशव्हिलला जावं. इथे मांडीवर नातवंडं घेऊन बसलेल्या आज्या असतात.

खाण्याबद्दल शाकाहारी मंडळींना एकच सांगते. या सगळ्या डोंगराळ मुलुखात घेवड्याच्या बिया डुकराच्या हाडाबरोबर शिजवायची जुनी रीत आहे. त्यामुळे सूप बीन्स कुठेही घ्या, आधी विचारा. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, ती गाडीतच खाल्ली. आत जाऊन फक्त कॉर्नब्रेड घेतला. आईंनी तुकडा मोडला, हुंगला आणि म्हणाल्या, "मक्याचीच आहे. थापायच्या ऐवजी ओतलीय." सगळा तुकडा संपवला, मग आणखी एक मागितला.

आता जागेच्या नावाकडे येते, कारण मला जे म्हणायचं आहे ते तिथूनच सुरू होतं. रस्त्याला नाव ए. पी. कार्टर यांचं. संग्रहालय आहे ते ए. पी. कार्टर यांच्या जुन्या किराणा दुकानात. ए. पी. जन्मले ती लाकडी खोलीही जपून आवारात आणून ठेवली आहे. माणूस मोठा होता यात वाद नाही. पायी, मिळेल त्या वाहनाने दारोदार हिंडून त्यांनी गाणी गोळा केली. ते हिंडले नसते तर कितीतरी गाणी म्हाताऱ्या माणसांबरोबर मातीत गेली असती. पण ही जागा उभी आहे ती त्यांच्या लेकीमुळे. ए. पी. १९६० साली वारले. त्याआधी त्यांनी जॅनेटकडून शब्द घेतला होता की हे गाणं चालू ठेवशील. जॅनेटने १९७४ साली वडिलांच्या बंद दुकानातच शनिवारचे कार्यक्रम सुरू केले. लोक मावेनात, तेव्हा भाऊ जो याने १९७६ साली हा वाडा बांधून दिला. ती तीस वर्षं शनिवारमागून शनिवार चालवत राहिली. स्वतः ऑटोहार्प घेऊन गायची. २००५ साली तिला देशाच्या कला निधीकडून परंपरा राखल्याबद्दलचा राष्ट्रीय सन्मान मिळाला आणि २००६ च्या जानेवारीत ती गेली. आता तिची लेक रीटा फॉरेस्टर हे सगळं बघते. म्हणजे वडिलांकडून लेकीकडे, तिच्याकडून तिच्या लेकीकडे.

बरेच लोक इथे कंट्री गायक जॉनी कॅशसाठी येतात. मेबेलचे ते जावई. त्यांची बायको, मेबेलची लेक जून कार्टर, २००३ च्या मे महिन्यात गेली, त्यानंतर ५ जुलैला ते या स्टेजवर गायले, आणि लोकांसमोरचं त्यांचं ते शेवटचं गाणं ठरलं. आमच्या पुढच्या ओळीतल्या दोन तरुणांच्या अंगावरही कॅशचेच शर्ट होते. त्यांचं प्रेम खरं आहे. मी फक्त एवढंच म्हणेन की संग्रहालयात शिरल्यावर त्यांच्या फोटोपाशीच थांबू नका, थोडं पुढे जा.

संग्रहालय कार्यक्रमाच्या आधी उघडं असतं, म्हणून सहा-सव्वासहाला पोहोचलेलं बरं. दुकानाच्या त्या खोलीत जुने फोटो, कपडे, तबकड्या, वाद्यं. एका फोटोपाशी आई बराच वेळ उभ्या राहिल्या. तिघांचा फोटो. उंच ए. पी., आणि दोघी बायका वाद्यं घेऊन. "यातली सून कुठली?" त्यांनी विचारलं. प्रश्न अगदी योग्य होता. सारा ही ए. पीं.ची बायको. मेबेल ही साराची जवळच्या नात्यातली बहीण, आणि तिचं लग्न झालं ए. पीं.च्या भावाशी. म्हणजे दोघी बहिणीही आणि जावाही. आईंना हे नातं एकदम पटलं. आमच्याकडेही अशा जावा आहेत.

मग मी त्यांना १९२७ ची गोष्ट सांगितली, तिथेच फोटोसमोर उभ्या राहून, मराठीत, आणि आजूबाजूची माणसं आमच्याकडे कौतुकाने बघत होती.

त्या उन्हाळ्यात तबकड्या काढणाऱ्या व्हिक्टर कंपनीचे राल्फ पीअर ब्रिस्टलला ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन आले होते. ब्रिस्टल म्हणजे इथून पंचवीसेक मैलांवरचं शहर, ज्याच्या मुख्य रस्त्याचा एक फुटपाथ व्हर्जिनियात आणि दुसरा टेनेसीत. टोप्यांच्या एका कंपनीच्या जुन्या इमारतीत त्यांनी ध्वनिमुद्रणाची खोली थाटली होती. हे कुटुंब भावाची गाडी मागून घेऊन कच्च्या रस्त्याने निघालं. मेबेल १८ वर्षांची, सात-आठ महिन्यांची गरोदर. साराजवळ काही महिन्यांचा जो, अंगावर पिणारा. त्याला सांभाळायला बरोबर घेतली आठ वर्षांची ग्लॅडिस. म्हणजे गाणं टिपून घ्यायला निघालेल्या त्या गाडीत एक बाळंतीण, एक पोटुशी आणि एक भावाला कडेवर घेणारी पोर. गाण्यांच्या मध्ये सारा बाळाला पाजायला जायची. आई ऐकता ऐकता म्हणाल्या, "पंक्चर झालं असतं म्हणजे?" झालंच होतं, वाटेत टायरचाही त्रास झाला होता.

१ ऑगस्टला चार गाणी झाली. एका गाण्याचे ५० डॉलर. दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी दोन गाणी झाली, आणि त्या सकाळी ए. पी. खोलीत नव्हतेच. सारा आणि मेबेल, दोघीच. एकीचा गळा आणि ऑटोहार्प, दुसरीची गिटार. त्या दोनातलं एक गाणं 'सिंगल गर्ल, मॅरीड गर्ल'. साराला ते गायचं नव्हतं, आवडत नव्हतं तिला. पीअरनी आग्रह केला म्हणून गायली, आणि लोकांनी तेच उचलून धरलं.

हे गाणं त्या रात्री स्टेजवर झालं. तीन बायका आणि दोन पुरुषांचा संच होता, जवळपासच्याच गावातला. मधल्या बाईच्या मांडीवर ऑटोहार्प. आपल्याकडच्या वाचकांसाठी सांगायचं तर स्वरमंडळ डोळ्यांसमोर आणा. तशाच पेटीवर तीसहून जास्त तारा, आणि त्यांच्यावर आडव्या पट्ट्या बसवलेल्या. पट्टी दाबली की तिच्या खालचं नमद्याचं कापड नको त्या तारांवर बसतं आणि त्या मुक्या होतात. उरलेल्या तारा मिळून एक स्वरमेळ (कॉर्ड) देतात. दुसऱ्या हाताने नुसतं झाडत जायचं. सारा ती मांडीवर ठेवून वाजवायची. पुढे मेबेलने ती छातीशी उभी धरून वाजवायला सुरुवात केली आणि तिचं बघून बाकीच्यांनीही तशीच धरली. साधं वाटतं, पण वाद्य धरायची तऱ्हा बदलली की हात पोहोचण्याच्या जागा बदलतात. मग त्यातून एकेक सूर वेचून चालही काढता येते.

मी हे वाद्य घ्यायला दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या संगीत दुकानात गेले होते. तिथल्या माणसाने मला सांगितलं, ते शाळेतल्या पोरांचं वाद्य आहे, तुम्ही गिटार घ्या. शाळांमधून ते वापरत हे खरं आहे. पण ज्या वाद्यावर साराने अख्ख्या देशाचं गाणं वळवलं त्याला असं बाजूला सारलेलं मला लागलं. मी गिटार घेतली नाही. नंतर एका निवृत्त शिक्षिकेकडून जुना ऑटोहार्प मिळाला, १५ पट्ट्यांचा. एक पट्टी नीट बसत नव्हती, तिचा नमदा मी स्वतः बदलला.

तर ते गाणं. गाण्यात काही घडत नाही. लग्न न झालेली मुलगी नटते, हवं तिथे जाते. लग्न झालेली पाळणा हलवते, आहे त्यावर भागवते. एवढंच आलटून पालटून. मी आईंना कानात अर्थ सांगत होते. त्यांनी दोन कडव्यांनंतर हात वर करून मला थांबवलं. कळलं होतं त्यांना. पुढचं गाणं त्यांनी माझ्या मदतीशिवाय ऐकलं. गाणाऱ्या बाईचा आवाज सरळ होता, कंप नाही, हरकती नाहीत, रडका सूर तर मुळीच नाही. साराचा आवाज जुन्या तबकड्यांवर ऐकाल तर तसाच आहे, खालच्या पट्टीतला, बाईने कामाच्या मध्येच बोलावं तसा. पीअर म्हणत की साराचा आवाज कानावर पडला आणि त्यांचा निर्णय झाला.

मध्यंतरानंतर गिटारवालीने एक गाणं एलिझाबेथ कॉटन यांच्या पद्धतीने वाजवलं. ही बाई कार्टर घराण्यातली नाही, डोंगरातलीही नाही. ती नॉर्थ कॅरोलायनातल्या कारबरोची, कृष्णवर्णीय, डावखुरी. भावाचा बँजो उलटा धरून शिकली, मग लोकांच्या घरी काम करून जमवलेल्या पैशांतून पावणेचार डॉलरची गिटार घेतली आणि तीही तारा न बदलता उलटीच वाजवली. म्हणजे मेबेलचा अंगठा जाड तारांवर चाल गातो, तर कॉटनबाईंचा अंगठा बारीक तारांवर. त्यांच्या पद्धतीलाही त्यांचंच नाव आहे, कॉटन पिकिंग. लग्न, मूल, चर्च यांत गिटार पार सुटली होती. पुढे त्या ज्या सीगर या संगीतकारांच्या कुटुंबात घरकाम करत, तिथे भिंतीवरची गिटार घेऊन वाजवायला लागल्या तेव्हा त्या घरातल्या लोकांना कळलं. पहिली लांब तबकडी १९५८ साली, वयाच्या साठीत. ग्रॅमी मिळालं नव्वदीच्या आसपास. उजव्या हाताच्या गिटारवालीला हे वाजवणं अवघड गेलं असणार, पण तिने ते मनापासून वाजवलं आणि आधी कॉटनबाईंचं नाव घेऊन वाजवलं. मला ते नाव घेणं गाण्याइतकंच आवडलं.

मग नाच. फ्लॅटफूट म्हणतात त्याला. फिडल जोरात निघालं की ओळीओळीतून माणसं उठतात आणि स्टेजपुढच्या फरशीवर जातात. सत्तरीच्या बायका, दहा-बारा वर्षांच्या पोरी, एकटे शेतकरी. जोड्या लावायलाच हव्यात असं नाही. बुटांच्या तळाला धातूच्या पट्ट्या असतात, त्यामुळे सगळी फरशी बोलायला लागते. आई डोळ्यांत प्राण आणून बघत होत्या. "फुगडीत पाय जागेवर असतात आणि अंग गरगर फिरतं," त्या म्हणाल्या. "इथं अंग जागेवर आहे, पाय सुटलेत." नाचून दमलेली एक पांढऱ्या केसांची बाई आमच्या बाजूला येऊन टेकली. आईंनी तिच्या बुटांकडे बोट केलं. तिने लगेच पाय उचलून तळ दाखवला, झिजून चकचकीत झालेली पट्टी. आईंनी क्षणभर विचार केला, चप्पल काढली आणि पाऊल पुढे करून तिला जोडवी दाखवली. त्या बाईने वाकून बघितली, बोटाने हळूच टिचकी मारली, आवाज येतो का ते ऐकलं. दोघी एकमेकींच्या भाषेतलं काही न बोलता बराच वेळ हसत होत्या.

परतताना रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. नवरा गाडी चालवत होता, आई मागे माझ्याजवळ. त्या डोंगरातून जाताना दिवे फारसे नसतात. वेबर सिटीच्या आधी कुठेतरी अंधारात त्यांनी आपणहून ओवी म्हटली. मग दुसरी. मी बारा वर्षांत त्यांना ओवी म्हणताना ऐकलं नव्हतं, त्यांच्या घरी लाइटची गिरणी येऊन पन्नास वर्षं झाली. एक त्यांच्या आत्याची होती, तिचा मतलब असा की माहेरी निजताना डोक्याखाली आईची मांडी, सासरी उठल्यावर मांडीपुढं जातं. मी विचारलं, "ही आत्यांनी रचली?"

"रचायला काय, आत्या म्हणायची."

"मग कुणाची आहे?"

"कुणाची म्हणजे? बायकांची."

मी फोन काढला आणि गाणी ऐकायच्या एका ॲपवर ते 'सिंगल गर्ल' शोधलं. रचनाकार म्हणून एकच नाव होतं, ए. पी. कार्टर. ज्या सकाळी ते खोलीत नव्हते त्या सकाळचं गाणं. हे कसं झालं ते मला माहीत आहे. पीअरचा धंदाच गाण्यांच्या हक्कांवर चालायचा, हक्क नोंदवायला एक नाव लागायचं, आणि घरातला कर्ता पुरुष म्हणून ते ए. पीं.चं लागलं. ती गाणी मुळात कुणाकुणाच्या ओसरीवरून आली, कुठल्या आजीने चाल दिली, ते त्या एका नावाखाली गेलं. त्यात लेस्ली रिडलही गेले. ते किंग्सपोर्टचे कृष्णवर्णीय गिटारवादक. ए. पीं.बरोबर हिंडायचे, ए. पी. शब्द उतरवून घ्यायचे आणि रिडल चाली डोक्यात साठवायचे. मेबेलही त्यांच्याकडून बोटांची एक पद्धत शिकली.

नावं लिहून ठेवली तर काय होतं तेही मी बघितलं आहे. १९१६ ते १८ मध्ये सेसिल शार्प आणि मॉड कार्पेलिस लोकगीतं गोळा करायला इंग्लंडहून या डोंगरांत आले, ते चाल उतरवायचे आणि त्या शब्द. कुणी गाणं दिलं ते त्यांनी टिपलं, म्हणून आज आपल्याला कळतं की नॉर्थ कॅरोलायनातल्या हॉट स्प्रिंग्सच्या जेन जेंट्री या एकट्या बाईने त्यांना साठाहून जास्त गाणी दिली. आणि आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्यातून काम सुरू करून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, हजारावर गावांतून. त्यांनी ओवीबरोबर म्हणणारीचं नाव लिहिलं, गाव लिहिलं. आज पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या) संकेतस्थळावर एखादी ओवी उघडा, तुम्हाला ती बाई भेटते, तिचा तालुका भेटतो. त्या रात्री गाडीत मला पहिल्यांदा जाणवलं की ते नुसतं नीटनेटकेपणाचं काम नव्हतं. मी आईंच्या सहा ओव्या फोनवर घेतल्या आहेत, प्रत्येकीच्या सुरुवातीला आधी त्यांचं नाव, मग आत्यांचं, मग फलटण.

फोल्डबद्दल म्हणूनच मला इतकं वाटतं. बाहेरच्या पाटीवर कुणाचंही नाव असो, आत स्टेजवर गाणं सुरू होण्याआधी सांगतात की हे साराने गायलं, ही मेबेलची गिटार, हे जॅनेट आम्हाला शिकवून गेली. तीन तासांत मी साराचं नाव अकरा वेळा ऐकलं, मोजत होते. आणि ऐकणाऱ्यांनाही त्या बायका घरच्या माणसांसारख्या ठाऊक आहेत. माझ्या मागच्या बाईने मला सांगितलं की मुली मोठ्या झाल्यावर मेबेल काही काळ हॉस्पिटलात रात्रपाळीला रुग्णांची सेवा करायची. मी तेव्हा तिला सांगितलं की मीही हॉस्पिटलातच काम करते. तिने माझा हात दाबला. १९२८ साली २७५ डॉलरला घेतलेली गिब्सन गिटार जिच्या नावाने आज नॅशव्हिलच्या संग्रहालयात आहे, ती बाई रात्रपाळी करायची.

लहान मुलांना न्यायचं असेल तर जरूर न्या, नाचायच्या फरशीवर त्यांना कुणी अडवत नाही. शब्द कळणार नाहीत या भीतीने घरातल्या मोठ्यांना मागे ठेवू नका. दर ऑगस्टच्या पहिल्या शनिवार-रविवारच्या सुमारास मोठा महोत्सव असतो, १९२७ च्या त्या ध्वनिमुद्रणाच्या आठवणीचा, पण पहिल्यांदा जाणाऱ्याने साध्या शनिवारी जावं असं मी म्हणेन. गर्दी कमी असते आणि माणसं बोलतात. दिवस मोठे असतील तर थोडं आधी निघून माउंट व्हर्नन चर्चच्या आवारातही जाऊन या, तिथे ए. पी. आणि सारा दोघांच्या समाध्या आहेत. दोघांचा घटस्फोट झाला होता, ती दुसरं लग्न करून कॅलिफोर्नियाला गेली, गाणं सोडलं, आणि मेल्यावर तिला याच खोऱ्यात आणून पुरलं. दोन्ही दगडांवर तबकडी कोरलेली आहे.

मे महिन्याच्या शेवटीही डोंगराखाली रात्री गारवा असतो, शाल जवळ ठेवा. बसायला स्टेजच्या समोरची नाही तर आपल्या डाव्या हाताची पुढची जागा धरा. तिथून गिटारवालीचा अंगठा दिसतो.